उपग्रहांद्वारे उच्च वातावरणाची घनता : एक चिकित्सा

२ एप्रिल २०२२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी येथे धातूचे मोठे कडे कोसळले. ते चिनी अग्निबाणाचे असल्याचे मानले जाते. असे अवशेष कोठे पडतील हे आधी नेमके सांगता येत नाही, याचे एक प्रमुख कारण म्हणजे उच्च वातावरणाच्या घनतेची अनिश्चितता.

स्पुटनिकपासून (१९५७) उपग्रहाच्या घटत्या परिभ्रमणकाळावरून ही घनता काढली जाते. परंतु वेग ज्ञात असला तरी हवेच्या रोधातून हाती येतो तो घनता, रोधगुणांक व क्षेत्रफळ-वस्तुमान गुणोत्तर यांचा गुणाकार. २००० साली सोडलेल्या ‘चॅम्प’वरील त्वरणमापकाने मापन सूक्ष्म झाले, तरी रोधगुणांक गृहीतच धरावा लागला. म्हणून हे आकडे निखळ निरीक्षण नसून अनुमान ठरतात. लाडबोरीसारख्या गावांच्या दृष्टीने त्यांची त्रुटिमर्यादा आकड्यांइतकीच महत्त्वाची आहे.