सोंग आलं! इगतपुरीकडचा बोहाडा पाहताना

आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक हे अभिनयाचे चार प्रकार नाट्यशास्त्राचा विद्यार्थी पाठ करतो आणि परीक्षेत लिहून मोकळा होतो. हे चार एकमेकांना कसे सावरून घेतात ते डोळ्यांनी पाहायचं असेल, तर होळी उलटल्यावर इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा किंवा घाटाखालच्या जव्हार-मोखाड्याकडच्या एखाद्या आदिवासी गावात बोहाड्याला रात्र जागवावी. महादेव कोळी, कोकणा, वारली, ठाकर यांच्या गावांतलं हे मुखवट्यांचं नाट्य. नट गावातलेच आणि रंगमंच म्हणजे गावची वाट. इगतपुरीचा पाऊस एकदा लागला की उघड्यावर काही करायची सोय नाही, म्हणून सगळा खेळ उन्हाळ्यातच उरकायचा.

आरंभ गणपतीच्या सोंगाने. मागून मोरावरची शारदा. हा झाला पूर्वरंग. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, त्यांच्या खेळांतही आधी गणपती आणि मग मोरावर नाचणारी सरस्वती येत असे. कोकणातल्या दशावतारातही हीच जोडी. मराठी रंगभूमीचा इतिहास सांगलीपासून सांगायची आपली रीत आहे. पण त्या इतिहासाची मुळं अशा गावखेळांत किती खोल गेली आहेत, हे शारदेच्या पहिल्या गिरकीतच कळतं.

आता मुखवटा, म्हणजे आहार्य. जुने मुखवटे लाकडाचे, पुढे कागदाच्या लगद्याचेही आले. पुष्कळदा ठरावीक सोंग ठरावीक घराण्याकडे असतं, आणि मुखवटा त्या घरात देवासारखा जपतात. भरताने नाट्यशास्त्रात बेलाचा गर आणि कापड वापरून मुखवटे करायची कृती दिली आहे. तिची आठवण इथे झाल्याशिवाय राहत नाही. कोरणाऱ्याचं कसब कपाळावर पाहावं. भुवया पुढे काढलेल्या, डोळे बटबटीत, गाल फुगीर. दिवसा भिंतीला टेकवलेला असा मुखवटा जरा भडक, ओबडधोबड वाटतो. रात्री टेंभ्याचा उजेड खालून आला, की भुवईची सावली कपाळावर चढते. ज्योत हलली की सावलीही हलते आणि रंगवलेला चेहरा रागावल्यासारखा दिसू लागतो. कोरतानाच उजेडाचा हिशोब केलेला असतो. प्रकाशयोजनेचा याहून सुंदर धडा मला तरी कुठल्या नाट्यगृहात मिळालेला नाही. आता बऱ्याच गावांत विजेचे झगझगीत दिवे लागतात आणि नेमकी तीच सावली पुसली जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

मुखवट्यामागून शब्द फुटत नाहीत, त्यामुळे वाचिकाचं काम वाद्यांकडे जातं. संबळावर वाकड्या टोकाची काडी पडते, पिपाणी सूर धरते, आणि सोंग बदललं की चालही बदलते. सोंग अजून अंधारात असतं, पण ती चाल ओळखून पोरं आधीच उठून उभी राहतात. पात्रप्रवेश डोळ्यांआधी कानांना कळतो. रावण किंवा त्राटिका येताना गर्दी आपसूक मागे सरते, आणि सोंग पुढे गेलं की मागची जागा पुन्हा भरते. रंगावकाश असा क्षणोक्षणी नव्याने आखला जातो. इथे चौथी भिंतच काय, पहिल्या तीनही नसतात.

माझं सर्वांत आवडतं ते मात्र मानेचं काम. चेहरा झाकलेला, मुखवट्याच्या भोकांतून दिसतं ते समोरचं थोडंसं, डोक्यावर ओझं. अशा वेळी नट पाहतो तो अख्ख्या धडाने. चांगला नाचणारा आधी थांबतो, गुडघ्यात किंचित वाकतो, मग मुखवटा सावकाश वळवतो. तेवढ्या एका वळणात समोरच्या माणसाला वाटतं, हा माझ्याकडेच बघतोय. नवखा मान झटकतो, आणि मुखवटा पुन्हा नुसतं लाकूड होतो. सात्त्विक म्हणजे डोळ्यांतलं पाणी आणि अंगावरचा काटा, असं आपण शिकतो. इथे काटा प्रेक्षकाच्या अंगावर येतो, तोही नटाचा चेहरा न दिसता.

शेवटच्या रात्रीनंतर उजाडता उजाडता देवी आणि महिषासुर समोरासमोर येतात. युद्ध संबळाच्या ठेक्यावरच चालतं: दोन पावलं पुढे, एक मागे, मग गिरकी. देवीचं सोंग घेतलेल्याचे पाय नीट पाहा. रात्रभराच्या जागरणानंतरही ते समेवरच पडतात, आणि महिषासुर तिच्या पावलाआधी आपलं पाऊल कधीच उचलत नाही.