रेशमाची दोरी : नजीरची एक नज्म पुन्हा वाचताना

नजीर अकबराबादीची 'रीछ का बच्चा' ही नज्म मी पहिल्यांदा शिकवली ती बी.एड.च्या सराव पाठात. पाठ टाचणात उद्दिष्टे लिहिली होती : लोकजीवनाचा परिचय, शब्दसंपत्तीत वाढ, रसास्वाद. शैक्षणिक साधन म्हणून बहिणीकडून काळ्या कापडाचे अस्वल शिवून घेतले आणि त्याच्या गळ्यात लाल साटिनची फीत बांधली. मुले खूश झाली, निरीक्षकांनी शेराही चांगला दिला. फीत गळ्यात बांधली हीच चूक होती, हे कळायला मला पुढे बरीच वर्षे लागली.

मराठी वाचकांसाठी थोडे कवीविषयी. नजीरचे खरे नाव वली मुहम्मद. जन्म दिल्लीचा, १७३५च्या सुमाराचा; आयुष्य गेले आग्र्यात आणि १८३० साली तिथेच त्याचा अंत झाला. पोटासाठी तो मुलांना शिकवायचा, म्हणजे आमच्याच पेशातला. ज्या काळात उर्दू शायरी दरबार आणि महफिल यांच्या बाहेर फारशी पडत नव्हती, त्या काळात हा माणूस रोटी, काकडी, होळी, ईद, बाजार आणि फकीर यांच्यावर लिहीत होता. शेफ्तासारख्या मातब्बरांनी त्याला बाजारू ठरवून बाजूला सारले. विसाव्या शतकात पुरोगामी समीक्षकांनी त्याला पुन्हा उचलून धरले आणि जनतेचा कवी म्हटले. दोन्ही गटांनी 'रीछ का बच्चा' वाचली असणारच. एकाला तिच्यात हलकेपणा दिसला, दुसऱ्याला लोकजीवन. अस्वलाकडे मात्र दोघांनीही नीट पाहिले नाही.

पाच-पाच ओळींची कडवी आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी तेच शब्द, अशी तिची रचना आहे. निवेदक 'आम्ही' म्हणून बोलतो. वाटेत अस्वलाचे पिल्लू मिळाले, ते आम्ही उचलून आणले, वाढवले, शिकवले आणि आता बाजारात खेळ मांडला आहे, एवढीच कथा. पिल्लाच्या अंगावर दागिने आहेत : सोन्याची कडी, कानात मोती, पायात घुंगरू. गर्दीतला कुणी त्याला कलंदर म्हणून हाक मारतो आणि विचारतो, तुझी ती आधीची माकडे कुठे गेली? तो सांगतो की ती रानात सोडून दिली. पुढे ढपलीवर नाच होतो, मग माणसाची आणि अस्वलाची कुस्ती लागते आणि पैशांचा पाऊस पडतो.

या नज्मचे मोठेपण कुठे आहे ते आधी सांगितले पाहिजे, कारण पुढे मी तिच्याशी भांडणार आहे. प्राण्यांचे खेळ करणारा माणूस आपल्या साहित्यात बहुतेक वेळा दुरून दिसतो. तो येतो, डमरू वाजवतो, मुले धावतात आणि तो निघून जातो. नजीरने त्याला दुरून पाहिले नाही. त्याच्याच तोंडून नज्म वदवली आणि तीही केविलवाणी होऊ दिली नाही. हा कलंदर भीक मागत नाही, तो मिजाशीत आहे. भटक्या माणसाला असा प्रथमपुरुषी मान देणारी कविता मला त्या काळात दुसरी आढळली नाही.

इथे शब्दांविषयी बोलल्याशिवाय राहवत नाही. कलंदर म्हणजे सगळ्या बंधनांतून सुटलेला फकीर. दरवेश म्हणजे दारोदार फिरणारा, कशाचीच मालकी न सांगणारा. मदारी हा शब्द मकनपूरच्या शाह मदार यांच्या सिलसिल्यातून आला. तिन्ही शब्द सूफी परंपरेचे. आणि आज बोलीत त्यांचे अर्थ काय आहेत? उत्तरेत कलंदर म्हणजे अस्वलवाला, मराठीत दरवेशी म्हणजे अस्वलवाला, मदारी म्हणजे माकडवाला. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत दरवेशी, वाघवाले आणि अस्वलवाले एकाच नोंदीत आहेत. ज्याने स्वतःचे सगळे पाश तोडले त्याच्या नावावर शेवटी दुसऱ्याला बांधायची दोरी चढली. हे एका जमातीच्या स्वभावामुळे झालेले नाही. फकिरी संपली, भूक उरली आणि बघ्यांची गर्दी प्राण्यावरच पैसे टाकत गेली.

आता त्या दोरीकडे येऊ. नजीरने तिच्यावर खास लक्ष दिले आहे. ती रेशमाची आहे आणि जरीने भरलेली आहे. पण ती अस्वलाला कुठे बांधली होती? ऐकणारा आपल्या मनाने ती गळ्यात घालतो, जशी मी लाल फीत घातली. प्रत्यक्षात नाचवायच्या अस्वलाची दोरी गळ्यात नसे. पिल्लू काही महिन्यांचे असताना तापवलेल्या सळईने त्याच्या नाकाडाला आरपार भोक पाडत, भूल वगैरे काही नाही, आणि त्या जखमेतून दोरी ओवत. जखम भरत आली तरी दोरीने ती हुळहुळी राही. वर झटका दिला की अस्वल दोन पायांवर उभे राही, बाजूला ओढले की डुले. आपण ज्याला नाच म्हणत आलो ते दुखऱ्या नाकामागे जाणारे शरीर होते. त्यातही हे आपले काळे, लांब केसांचे अस्वल डोळ्यांनी अधू असते. वाळवी, मुंग्या, मध, बोरे, मोहाची फुले हे सगळे ते वासाने शोधते. त्याचे जग नाकात असते आणि भोक नेमके तिथेच.

हे कळल्यावर नज्मचा सुरुवातीचा भागही वेगळा वाटू लागतो. पिल्लू 'वाटेत मिळाले' असे कलंदर सांगतो. अस्वलीण आपली पिल्ले पाठीवर घेऊन हिंडते आणि दोन-अडीच वर्षे त्यांना सोडत नाही. असे पिल्लू वाटेत मिळत नाही. ते मिळवायचे तर आधी आईला मारावे लागते. कुस्तीचेही तेच. माणूस अस्वलाशी झोंबून जिवंत राहतो, कारण खेळातल्या अस्वलांचे सुळे तोडलेले असत. नजीरच्या अस्वलाला दात होते की नाही याबद्दल नज्म गप्प आहे. पिल्लू शिकवायला फार दिवस लागले एवढे एका ओळीत सांगून कवी पुढे ढपलीकडे वळतो. सगळी गोष्ट त्या एका ओळीत घडून गेली आहे. मी नजीरला निर्दय म्हणणार नाही. पण त्याची नजर दागिन्यांवर खिळली होती आणि आपली तर आणखीच.

मराठीतही हा प्रश्न आहे. पुण्याचे दामू धोत्रे (जन्म १९०२) अमेरिकेतल्या रिंगलिंग सर्कशीपर्यंत पोचलेले रिंगमास्टर. त्यांच्या आत्मकथनाचे नाव 'वाघ सिंह माझे सखे सोबती'. त्या नावातले प्रेम खोटे आहे असे मी म्हणणार नाही. एवढेच विचारीन की या मैत्रीत पिंजऱ्याची किल्ली एकाच मित्राकडे का असते? साहित्याला हे विचारायला उशीर झाला, कायद्याने आधी विचारले. १९९८ साली केंद्र सरकारने अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि सिंह यांना खेळासाठी शिकवायला व दाखवायला बंदी केली. सर्कसवाले न्यायालयात गेले, पण केरळ उच्च न्यायालयाने २००० साली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली बंदी कायम ठेवली. रस्त्यावरच्या अस्वलाला तर १९७२च्या वन्यजीव कायद्याचेही संरक्षण होते. तरी ते रस्त्यावरून हटायला २००९चा डिसेंबर उजाडला. त्या महिन्यात कर्नाटकात नाचणारे शेवटचे अस्वल 'वाइल्डलाइफ एसओएस' या संस्थेच्या हवाली झाले. तोवर सहाशेहून जास्त अस्वले सुटली होती.

त्यांतली पुष्कळशी गेली कुठे, तर आग्र्याला, नजीरच्याच गावी. शहराबाहेर कीठमच्या तळ्याजवळ त्यांचे आश्रयस्थान आहे. तिथे आधी भूल देऊन नाकातली दोरी कापतात. मोडलेल्या दातांची मुळे सडलेली असतात, त्यांवर शस्त्रक्रिया होते. चावता येत नाही म्हणून लापशी, मध, फळे. वास घेत हुडकावे म्हणून ओंडक्यांच्या फटींत मध लपवून ठेवतात. जंगलात मात्र त्यांना सोडता येत नाही. दात नाहीत आणि आईकडून शिकायचे होते ते शिकलेली नाहीत. दोरी गेल्यावरही काही जागच्या जागी डुलत राहतात. तमाशा संपल्यावरची ही दीर्घ सेवा कुठल्याही नज्ममध्ये आलेली नाही आणि तिला बघ्यांची गर्दीही होत नाही.

अस्वल देणाऱ्या कलंदरांना त्या संस्थेने दुसऱ्या धंद्यासाठी पैसे दिले. कुणी रिक्षा घेतली, कुणी दुकान टाकले, मुले शाळेत घातली. हे मी मुद्दाम नोंदवतो. दोरीचे एक टोक नाकात होते तर दुसरे कुणाच्या तरी चुलीला बांधलेले होते आणि तेही सोडवावे लागले. प्राण्यांविषयी हळहळणारे आपले सुशिक्षित लेखन या दुसऱ्या टोकाशी येऊन बहुधा थांबते, किंवा त्या टोकाच्या माणसाला राक्षस करून मोकळे होते. नजीर इथे आपल्या पुढे आहे. त्याने त्याला माणूस ठेवला.

दोन वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात मी हे सगळे सांगितले. नाक, सळई, दात. वर्ग गप्प झाला आणि मग एकेक मान मागच्या बाकाकडे वळू लागली. तिथल्या मुलाच्या दाखल्यावर जमात दरवेशी आहे. जनरल रजिस्टर मीच भरतो; मला हे ठाऊक होते आणि बोलण्याच्या भरात मी विसरलो. बी.एड.ला याचे टाचण कुणी शिकवले नव्हते. मधल्या सुट्टीत तो आपण होऊन आला. म्हणाला, "सर, दादा पहले उसको रोटी देते थे, फिर खुद खाते थे." मी म्हटले, खरे असेल. थोड्या वेळाने तो म्हणाला, "लेकिन रस्सी नाक में ही थी."

दुसऱ्या दिवशी त्याने आजोबांचा डमरू दप्तरातून आणला. नज्ममध्ये ढपली आहे तिथे वाजवतो म्हणाला. मी वाजवू दिला नाही. त्याने काही न बोलता तो परत दप्तरात ठेवला. ते चेहऱ्यावरचे अजून आठवते. यंदा ती नज्म घेताना दागिन्यांची कडवी झाल्यावर मी थांबलो आणि मुलांना वहीत अस्वल काढायला सांगितले, दोरीसकट. चाळीसांपैकी एकानेच ती नाकातून काढली होती. तो दरवेश्यांच्या घरचा नव्हता.