मुंबईचा टाऊन हॉल : ग्रंथालयाच्या दृष्टीने एक परीक्षण

मुंबईच्या कोटातील टाऊन हॉलविषयी जे लिहिले जाते, ते बहुधा त्याच्या दर्शनी भागापुरते असते. तीस पायऱ्यांची चढण, तीवर डोरिक पद्धतीचे आठ स्तंभ, आत कॉरिंथियन स्तंभांनी शोभणारे सभागृह, एवढे वर्णन झाले की लेखक त्या वास्तूस ज्ञानमंदिर म्हणून मोकळे होतात. हे विशेषण तिला कितपत लागू पडते, ह्याची परीक्षा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. वास्तू हेही इतिहासाचे एक साधनच आहे. आणि साधनाची प्रशस्ती गाण्यापूर्वी ते काय सांगते हे पाहणे संशोधकाचे कर्तव्य ठरते.

प्रथम उत्पत्ती पाहू. सर जेम्स मॅकिंटॉश ह्यांनी २६ नोव्हेंबर १८०४ रोजी मुंबईत लिटररी सोसायटीची स्थापना केली. नगरास एक सार्वजनिक सभागृह असावे, ही सूचनाही त्यांनीच १८११ मध्ये पुढे मांडली. त्यासाठी लॉटरीचा आश्रय करण्यात आला. पण द्रव्य वारंवार सरे आणि काम थांबे. अखेरीस आलेली तूट सरकारने सोसली. मात्र तिच्या मोबदल्यात आपल्या कचेऱ्यांसाठी जागा मागून घेतली. अशा रीतीने बावीस वर्षे रखडून, कर्नल टॉमस कूपर ह्यांच्या आराखड्याची ही इमारत १८३३ मध्ये पुरी झाली. तोपर्यंत लिटररी सोसायटी ही लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा बनली होती. तिचा ग्रंथसंग्रह ह्या वास्तूत आला तो सभा आणि कचेरी ह्यांचा शेजारी म्हणून, घरधनी म्हणून नव्हे.

ही गोष्ट रचनेतच वाचता येते. आपल्या शिल्पशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे उंच अधिष्ठान आहे, भव्य मुखमंडप आहे, विस्तीर्ण सभामंडपही आहे. परंतु गर्भगृह कोठे, असे विचारल्यास उत्तर मिळत नाही. देवालयात प्रत्येक पायरी दर्शनार्थ्यास मूर्तीकडे नेते. येथील पायऱ्या मात्र सभागृहाकडे नेतात. ग्रंथ आहेत ते बाजूच्या दालनांत. जो ग्रंथ हेच दैवत मानतो, त्याने ह्यास मंदिर म्हणावे, पण दैवत ओवरीत बसले आहे हे विसरू नये.

ह्याउलट, केवळ परकी म्हणून ह्या वास्तूची अवहेलना करणारा पक्षही आम्हांस मान्य नाही. स्तंभ ग्रीक असले तरी खोल मुखमंडपाची सावली आणि खिडक्यांवरील झिलमिलीची छपरे ह्यांतून येथील ऊनपावसाची जाणीव दिसते. दोष शैलीचा नसून प्रयोजनाचा आहे. त्याच कोटातील डेव्हिड ससून ग्रंथालय हे १८७० चे, पिवळसर मालाड दगडाचे. तेही व्हेनिसच्या गॉथिक धर्तीचे, म्हणजे परकीयच. परंतु टांकसाळ व गोदी येथील तरुण कारागिरांनी १८४७ मध्ये काढलेल्या संस्थेसाठी ते बांधले गेले. म्हणून तेथे कमानींची ओसरी, वाचकास वारा देणारा सज्जा आणि मागे बाग आहे. दोन्ही वास्तू परकी वळणाच्या. भेद इतकाच की एक बांधताना वाचक डोळ्यांसमोर होता, दुसरी बांधताना नगराचा दिमाख होता.

मग टाऊन हॉलास ग्रंथालय म्हणून प्रतिष्ठा आली ती कोणामुळे? निःसंशय वाचकांमुळे. आरंभी ह्या संस्थेचे सभासदत्व युरोपियनांपुरते होते. १८४० मध्ये माणेकजी करसेटजी ह्यांच्या प्रवेशाने ते बंधन सुटले. बाळशास्त्री जांभेकरांनी प्राचीन लेखांवरील आपले निबंध तिच्याच नियतकालिकात लिहिले. पुढे डॉ. भाऊ दाजी, विश्वनाथ नारायण मंडलिक, भगवानलाल इंद्रजी ही मंडळी आली. भगवानलालांनी १८८२ मध्ये सोपाऱ्याच्या स्तूपातून काढलेले अवशेष येथेच ठेवण्यात आले. १८९२ मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे संस्थेचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची प्रा. वेलणकरकृत वर्णनात्मक सूची आणि म. म. काणे ह्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास ह्यांच्या मागे हाच संग्रह उभा आहे. १ नोव्हेंबर १८५८ रोजी राणीचा जाहीरनामा ज्या पायऱ्यांवरून वाचला गेला, त्याच पायऱ्या चढून हे पंडित आपला इतिहास आपण लिहावयास गेले. वास्तूच्या इतिहासात ही दुसरी घटना अधिक मोलाची आहे.

हा विवेक केवळ शब्दांचा नव्हे. इमारतीचे मोल स्तंभांत मानले की जीर्णोद्धारही स्तंभांचाच होतो. पण मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत दगड टिकतो तितका कागद टिकत नाही. त्यास कोरडी, खेळती हवा, रोजची झाडपूस आणि जाणता ग्रंथपाल लागतो. तेव्हा ह्या वास्तूच्या दुरुस्तीचा हिशेब मांडताना मुखमंडप किती उजळला हे मागाहून पाहावे. फडताळातील पोथी उघडताना तिचे पान तुटते की नाही, हे आधी पाहावे. आमच्या मते टाऊन हॉलाची खरी परीक्षा तेथेच आहे.