पंचाहत्तर अंश रेखांशावरची उडी

जीपीएस ट्रॅकरच्या खोक्यात एक पातळशी पुस्तिका असते. यंत्राला संगणकाची वायर कोठे जोडायची, कोणत्या आज्ञा द्यायच्या आणि यंत्र काय उत्तर देईल, हे तिच्यात छापलेले असते. अशा पुस्तिकांचे परीक्षण शिक्षकांच्या मासिकात कशासाठी, असे वाचकांना वाटेल. गेल्या काही महिन्यांत आम्ही अशा चार पुस्तिका वाचल्या आणि त्यांतल्या आज्ञा यंत्रांना देऊन पाहिल्या. विज्ञान, भूगोल आणि अंकगणित या तिन्ही तासांना पुरेल एवढे साहित्य त्यांत आहे, असे आमचे मत झाले. फक्त ते इतके वाईट लिहिले आहे की कामाचे तेवढेच नेमके गाळले गेले आहे. कंपन्यांची नावे देत नाही, कारण दोष चारही पुस्तिकांत जवळजवळ सारखेच आहेत.

आधी, याने कोणाचे काय बिघडते ते सांगू. टंचाईच्या वर्षी बारामती तालुक्याच्या मोरगाव-सुप्याकडच्या जिरायती पट्ट्यात पिण्याच्या पाण्याचे टँकर सुरू होतात. इंदापूर तालुक्यातही कालव्याच्या शेवटाकडची गावे पाण्याची वाट पाहत असतात. टँकरवर जीपीएस यंत्र हवे आणि खेपांची पडताळणी त्यावरून व्हावी, असा शासनाचा नियम आहे. प्रवासी वाहनांना तर १ जानेवारी २०१९ नंतरच्या नोंदणीसाठी केंद्र सरकारने असे यंत्र सक्तीचेच केले. थोडक्यात, पडद्यावरचा ठिपका आता साक्षीदार झाला आहे. टँकर वस्तीवर आला होता की नाही, या भांडणात बाईंच्या आणि सरपंचांच्या शब्दापेक्षा त्या ठिपक्याला जास्त वजन आहे. तो ठिपका कसा तयार होतो, हे त्या वस्तीवरच्या मुलांना कोणीतरी सांगायला हवे.

शाळेत काय सांगितले जाते? २०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात 'अवकाश मोहिमा' या पाठात उपग्रहांच्या प्रकारांचा तक्ता आहे. त्यात ठिकाणाचे अत्यंत अचूक अक्षांश-रेखांश ठरवणाऱ्या उपग्रहांना एक ओळ मिळाली आहे. ती वाचून मुलांची समजूत होते ती अशी: उपग्रह वरून बघतो आणि गाडी कोठे आहे ते कळवतो. प्रत्यक्षात उपग्रहाला गाडीचा पत्ताच नसतो. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून तो फक्त स्वतःची वेळ आणि स्वतःची जागा पुकारत राहतो. निदान चार उपग्रहांच्या पुकाऱ्यांना पोहोचायला किती वेळ लागला, यावरून खालची चिप आपली जागा स्वतः काढते. वेळेत एक मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे अंतरात ३०० मीटरची चूक. मग ट्रॅकरमधले मोबाइलचे सिमकार्ड ती जागा कचेरीकडे पाठवते. म्हणजे एका ठिपक्यामागे तीन कामे आहेत: चिपचे गणित, ट्रॅकरची वाचणी आणि मोबाइलची रवानगी. पुस्तिकांचा घोटाळा मधल्या कामात आहे.

चिप आणि ट्रॅकर यांचे बोलणे सिरियल जोडणीतून चालते. एका तारेवरून एकामागून एक अक्षर जाते. भाषा ठरलेली आहे: एनएमईए ०१८३. अमेरिकेतल्या सागरी इलेक्ट्रॉनिक्स व्यावसायिकांच्या संघटनेने ती १९८३ मध्ये जहाजांवरच्या उपकरणांसाठी आणली. प्रत्येक वाक्य डॉलरच्या चिन्हाने सुरू होते, स्वल्पविरामांनी तुटते आणि जास्तीत जास्त ८२ अक्षरांत संपते. 'आरएमसी' नावाच्या वाक्यात वेळ, एक अक्षरी शेरा, अक्षांश, रेखांश, वेग, दिशा आणि तारीख असते. (चिपला अर्थातच रोमन अक्षरे लागतात, आम्ही येथे देवनागरीत लिहितो.)

आता बारामतीत उभ्या असलेल्या यंत्राचे वाक्य पाहा. अक्षांशाच्या जागी १८०९.०००० आणि रेखांशाच्या जागी ०७४३४.८००० असे काहीसे येते. पुस्तिका याचा खुलासा 'अक्षांश' आणि 'रेखांश' एवढाच करते. वाचणारा साहजिकच १८.०९ आणि ७४.३४८ असे वाचतो. पण ही भाषा खलाशांची आहे, आणि खलाशांच्या कागदी नकाशावर अंशानंतर कला असतात. ६० कलांचा एक अंश. म्हणून ०७४३४.८ म्हणजे ७४ अंश ३४.८ कला. ३४.८ ला ६० ने भागले की ०.५८ येतात, आणि बारामतीचा खरा रेखांश मिळतो: सुमारे ७४.५८ अंश. चुकीच्या वाचनाने बारामती सुमारे २५ किलोमीटर पश्चिमेला आणि साडेसहा किलोमीटर दक्षिणेला सरकते.

हीच चूक इंदापुरात करून पाहा. इंदापूर सुमारे ७५ अंश २ कलांवर आहे. ७५.०३३ च्या जागी ७५.०२ वाचले जाते, म्हणजे पूर्व-पश्चिम फरक जेमतेम दीड किलोमीटरचा. अक्षांशात पाचेक किलोमीटर जातात, पण नकाशा लहान करून पाहिला तर ठिपका इंदापूरच्या आसपासच दिसतो आणि बसवणारा समाधानाने निघून जातो. चूक सगळीकडे सारखी नसते. कलांचा आकडा जितका मोठा, तितकी ती मोठी. कोठे तपासले यावर यंत्र बरोबर की चूक हे ठरू लागले, तर त्या तपासणीला अर्थ राहत नाही.

खरी गंमत वाटेत आहे. ७५ अंशांची रेखावृत्ताची रेषा इंदापूर गावाच्या पश्चिमेला तीनएक किलोमीटरवरून जाते. बारामतीहून निघालेला ट्रक चुकीच्या नकाशावर ७४.३४८ पासून हळूहळू पुढे सरकतो. कला ६० पर्यंतच जात असल्याने ७४.६० च्या पुढे तो जाऊच शकत नाही. ताशी ४० किलोमीटरने पूर्वेकडे जाणारा ट्रक या नकाशावर ताशी २४ ने रांगताना दिसेल, आणि इंदापूर दिसू लागताच एका क्षणात ४२ किलोमीटरची उडी मारून ७५.०० वर उभा राहील. ७४.६० आणि ७५.०० यांच्यामधल्या एवढ्या मोठ्या पट्ट्यात कोणतेही वाहन कधीच दिसणार नाही. सातवीच्या मुलांना हे कोडे घालून पाहावे. ती आमच्यापेक्षा लवकर सोडवतील.

एका चुकीवर आम्ही इतके रेंगाळलो, कारण ती पकडता येते. बाकीच्या चुका मुकाट असतात. आरएमसी वाक्यातला एक अक्षरी शेरा घ्या. 'ए' म्हणजे जागा सापडली आहे; 'व्ही' म्हणजे या आकड्यांवर विसंबू नका. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा दाट झाडीखाली चिपला उपग्रह ऐकू येईनासे झाले की 'व्ही' येतो, आणि काही यंत्रे शेवटची माहीत असलेली जागाच पुन्हा पाठवत राहतात. शेरा न वाचणाऱ्या संगणकाला वाटते, टँकर उभा आहे. चारपैकी एकाच पुस्तिकेत या शेऱ्याचा उल्लेख आहे, आणि तोही तळटीपेत.

वेळेचे तसेच. चिप जागतिक प्रमाणवेळ सांगते. आपण तिच्या साडेपाच तास पुढे. १ मेच्या पहाटे पाच वाजता भरलेली खेप चिपच्या लेखी ३० एप्रिलच्या रात्री साडेअकराची. उन्हाळ्यात टँकर पहाटेच निघतात. वेळेची दुरुस्ती कोणी केली नसेल, तर त्या खेपा आदल्या तारखेच्या खाती जातात, आणि वहीशी मेळ बसेना की चालकावर संशय येतो.

वाक्याच्या शेवटी ताऱ्याच्या चिन्हापुढे दोन अक्षरांचा तपासअंक असतो. पुस्तिकेत त्याची मोठी प्रौढी आहे. वाक्यातील सर्व अक्षरांची द्विमान रूपे एकावर एक ठेवून, सारखे तेथे ० आणि वेगळे तेथे १ असे करत तो काढतात. तारेवर एखादे अक्षर बिघडले तर तो ओरडतो, हे खरे. पण या रीतीत क्रमाला महत्त्व नाही, त्यामुळे ३४ चे ४३ झाले तरी तपासअंक तोच येतो. वाक्य वाटेत बिघडले की नाही, एवढेच सांगणे त्याच्या हातात आहे. वाक्य खरे आहे की नाही हा त्याचा प्रांतच नाही.

आज्ञांची प्रकरणे तर निव्वळ यादी आहेत. मीडियाटेक कंपनीच्या चिपा 'पीएमटीके'ने सुरू होणाऱ्या आज्ञा मानतात. २२० क्रमांकापुढे १००० लिहिले की दर सेकंदाला एकदा जागा, २०० लिहिले की सेकंदाला पाचदा. २५१ क्रमांकाने बोलण्याचा वेग बदलतो. वेग बदलल्यावर आपल्या संगणकाचा वेगही बदलावा लागतो; नाही तर पडद्यावर अक्षरांचा चिवडा दिसतो आणि चांगले यंत्र बिघडले म्हणून परत पाठवले जाते. वेग ९६०० असेल तर सेकंदाला ९६० अक्षरे जातात. सेकंदाला पाचदा, दरवेळी ७० अक्षरांची सहा वाक्ये मागितली तर २१०० अक्षरे होतात. ती मावणार कोठून? हे त्रैराशिक एकाही पुस्तिकेत नाही. आज्ञा मानली की नाही हे चिप उत्तरात आकड्याने कळवते: ३ म्हणजे झाले, २ म्हणजे आज्ञा कळली पण जमली नाही. तेही दोन पुस्तिकांनी गाळले आहे. मात्र मूळचा परवलीचा आकडा १२३४५६ आहे, हे तीन पुस्तिकांत ठळक छापले आहे. तो बदलावा हे बारीक टायपात.

कचेरीकडे किती वेळाने जागा पाठवायची, हा आकडाही बसवणाराच ठरवतो. दहा मिनिटे ठेवली तर ताशी ३० ने जाणारा टँकर दोन ठिपक्यांमध्ये पाच किलोमीटर जातो. तेवढ्यात तो फाट्यावरून वस्तीवर जाऊन आला की नुसता फाटा ओलांडून गेला, हे नकाशाला कळत नाही. तो दोन ठिपक्यांमध्ये शेतांतून सरळ रेघ ओढून मोकळा होतो. टाकीत पाणी होते का, हे तर कोणत्याच वाक्यात नसते.

शाळेत हे करून पाहायला चिपचा सुटा संच, संगणकाला जोडायची सिरियलची वायर आणि येणारी अक्षरे दाखवणारा एखादा फुकट कार्यक्रम पुरतो. संच काही शे रुपयांना मिळतो. तो पटांगणात मोकळ्या आकाशाखाली तासभर ठेवा, मुलांना मिनिटाला एक वाक्य उतरवून घ्यायला सांगा आणि आलेखकागदावर ठिपके काढा. ध्वजस्तंभ जागचा हललेला नसतो, तरी ठिपके काही मीटरांत विखुरतात. नंतर तोच संच पत्र्याच्या व्हरांड्यात आणून ठेवा आणि कोणत्या मिनिटाला 'ए'चा 'व्ही' झाला, ते वहीत वेगळ्या शाईने लिहायला सांगा.