पश्चात्तापाचा हिशोब : रमाबाई आणि लक्ष्मीबाई यांच्या दोन साक्षी

तलासरीला बोलायला यायचं ठरलं तेव्हा आम्ही दोन पुस्तकं पुन्हा वाचायला घेतली. एक, पंडिता रमाबाईंनी १९०७ मध्ये इंग्रजीतून प्रसिद्ध केलेली साक्ष. दुसरं, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. माणसाचं मन पालटतं म्हणजे नेमकं काय पालटतं, हा प्रश्न दोन्हीत आहे.

आधी शब्दच बघू. मराठी बायबलात ‘पश्चात्ताप’ आहे, म्हणजे मागाहून होणारा ताप. मूळ ग्रीक ‘मेतानोइया’त ताप नाही, मन बदलणं आहे. शब्द चुकला असं आम्ही म्हणत नाही. पण ताप म्हटला की लोक डोळ्यांतलं पाणी मोजायला लागतात. रडला, म्हणजे सुधारला!

रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा, इंग्लंडातला. आणि साक्षीत त्या सरळ कबूल करतात की पुढची आठ वर्षं आपल्याकडे ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. हे लिहायला किती धैर्य लागलं असेल? शारदासदन चालवणारी, देशोदेशी नाव झालेली बाई हे लिहिते आहे. मंडळीत असणं आणि बदलणं या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या. मात्र लेखन म्हणून एक तक्रार आहे. आईवडिलांबरोबरची तीर्थयात्रा, दुष्काळ, एकामागून एक मृत्यू, इथवर प्रत्येक ओळ डोळ्यांपुढे उभी राहते. अंतरीच्या बदलाशी आल्या की वचनांमागून वचनं येतात आणि बाई दिसेनाशी होते.

लक्ष्मीबाईंचं उलट. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यांनी १९०० मध्ये. मधली पाच वर्षं म्हणजे या पुस्तकाचा गाभाच. या बाईचं सोवळं कडक, इतरांच्या हातचं पाणी चालायचं नाही. मग ही जात देवानं केली की माणसानं, हा विचार डोक्यात शिरतो, आणि सोवळं गळतं. आधी जात सुटते, बाप्तिस्मा नंतर. पालट घडतो तो पाण्याच्या भांड्याशी, चुलीशी. आणि सांगताना बाई स्वतःलाच हसते! आमच्या मते मन पालटण्याविषयी मराठीत याहून खरं लिहिलेलं थोडं आहे.

आता हे तलासरीत का सांगायचं? या भागात पश्चात्तापाचा उपदेश बहुधा खालच्या दिशेनं होतो. वारल्यानं दारू सोडावी, अमुक सोडावं. सोडावी ना, आमची हरकत नाही. पण गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचा. लग्नापुरते पैसे उचलायचे आणि नवराबायकोनं सावकाराकडे राबत राहायचं, त्यांना लग्नगडी म्हणत. १९४५ च्या मे महिन्यात इथल्याच झरीला सभा भरली आणि वेठीला नकार मिळाला. जागा झाला तो वारली. सावकाराला कुणी पश्चात्ताप करायला सांगितलं?

लूकच्या शुभवर्तमानात जक्कय आहे, जकातदार. तो रडल्याचं तिथे लिहिलेलं नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो म्हणतो आणि लुबाडलेलं चौपट परत करतो म्हणतो. सरळ हिशोब! या कसोटीला रमाबाई उतरतात. १८९७ च्या सुमारास दुष्काळातून मुली आणून त्यांनी त्यांना घर दिलं. लक्ष्मीबाई पाण्यापाशी उतरतात. पण दोघींच्याही साक्षीत जमीन आणि कर्ज परत करणारा माणूस मध्यभागी नाही. आपल्या साक्षींमधली ही मोठी पोकळी आहे, आणि तलासरीत ती जास्त जाणवते.

पैशाशी भिडलेले एक टिळक दिसतात. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला. मंडळी परक्यांच्या पैशावर उभी राहू नये, हे त्यामागे होतं. पगार सुटल्यावर घर मात्र लक्ष्मीबाईंना चालवायचं होतं. ती पानं वाचताना तेवढं ध्यानात असू द्या. आता प्रश्न विचारा.