वल्हांडण आणि न्याय : ऑस्कर रोमेरो यांच्या पहिल्या मेषपालीय पत्रातील आशेची चिकित्सा

प्रास्ताविक

धार्मिक आशेवर आधुनिक विचारविश्वाचा एक जुना आक्षेप आहे. परलोकातील सुखाचे आश्वासन मिळाले की इहलोकातील अन्याय सुसह्य होतो, आणि अन्याय सुसह्य झाला की तो करणाऱ्याची सोय होते, असा त्या आक्षेपाचा आशय आहे. ख्रिस्ती श्रद्धेचा कणा असलेल्या ईस्टरच्या, म्हणजेच पुनरुत्थानाच्या सणालाही तो लागू पडतो. मृत्यूवर विजय मिळालेलाच आहे असे मानणाऱ्या समाजाला शेजाऱ्याच्या अकाली मृत्यूचा जाब विचारण्याची निकड का वाटावी? हा प्रश्न श्रद्धेला बाहेरून विचारता येतो, तसाच आतूनही विचारता येतो. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या देशाच्या राजधानीचे, सान साल्वादोरचे, आर्चबिशप ऑस्कर आर्नुल्फो रोमेरो यांनी १० एप्रिल १९७७ रोजी, ईस्टरच्या रविवारी, आपल्या धर्मप्रांताला पहिले मेषपालीय पत्र लिहिले. मेषपालाने कळपाला लिहावे तसे बिशपने श्रद्धावंतांना लिहिलेले हे पत्र असते. 'ला इग्लेसिया दे ला पास्कुआ' या शीर्षकाच्या त्या पत्रातील आशेची संकल्पना, तिचे सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

पत्राची पार्श्वभूमी

एल साल्वादोर हा कॉफीच्या निर्यातीवर उभा राहिलेला छोटा देश. जमिनीची मालकी मोजक्या घराण्यांकडे एकवटलेली आणि सत्ता लष्कराकडे. १९३२ मधील शेतमजुरांचा उठाव हजारोंच्या कत्तलीने चिरडला गेला आणि त्या कत्तलीची दहशत पुढील पिढ्यांच्या स्मरणात राहिली. १९६८ साली कोलंबियातील मेदेयीन येथे भरलेल्या लॅटिन अमेरिकेतील बिशपांच्या परिषदेने दारिद्र्याकडे दैव म्हणून न पाहता अन्यायाची रचना म्हणून पाहिले. त्यानंतर खेडोपाडी शुभवर्तमान एकत्र वाचणारे लहान लहान समुदाय उभे राहू लागले.

२२ फेब्रुवारी १९७७ रोजी रोमेरो यांनी आर्चबिशपपदाची सूत्रे स्वीकारली. दुसऱ्याच दिवशी राखेचा बुधवार होता, म्हणजे उपवासकाळाचा आरंभ. दोन दिवसांपूर्वी झालेल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीवर गैरव्यवहाराचे गंभीर आरोप होत होते. २८ फेब्रुवारीला राजधानीच्या चौकात जमलेल्या निदर्शकांवर गोळीबार झाला. १२ मार्चला आगिलारेस येथील धर्मगुरू रुतिलिओ ग्रांदे आणि त्यांच्यासोबत प्रवास करणारे एक वृद्ध व एक मुलगा यांची रस्त्यावर हत्या झाली. ग्रांदे हे शेतमजुरांमध्ये काम करणारे येशूसंघीय आणि रोमेरोंचे स्नेही होते. २० मार्चच्या रविवारी रोमेरो यांनी धर्मप्रांतातील अन्य सर्व मिस्सा रद्द करून कॅथेड्रलसमोर एकच मिस्सा साजरी केली. पोपच्या राजदूताचा या निर्णयाला विरोध होता. त्यानंतर तीन आठवड्यांनी हे पत्र प्रसिद्ध झाले. त्यातील प्रत्येक शब्दामागे सात आठवड्यांच्या या घडामोडी आहेत, हे ध्यानात घेतल्याशिवाय पत्राचे वाचन पूर्ण होत नाही.

'पास्कुआ' : अनुवादात निसटणारा अर्थ

पत्राचे शीर्षक मराठीत आणताना पहिली अडचण उभी राहते. स्पॅनिश 'पास्कुआ' हा शब्द ईस्टरला लावतात आणि यहुद्यांच्या 'पेसाह' या सणालाही. इजिप्तच्या दास्यातून मुक्त झाल्याचे स्मरण आणि ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा उत्सव अशा दोन गोष्टी त्या एका शब्दात नांदतात. मराठीत आपण 'ईस्टर' म्हणतो तेव्हा हा धागा तुटतो. 'पुनरुत्थानाचा सण' म्हणतो तेव्हा एका व्यक्तीच्या बाबतीत घडलेला चमत्कार तेवढा उरतो. मराठी बायबलच्या जुन्या अनुवादकांनी मात्र यहुदी सणासाठी 'वल्हांडण' हा अतिशय अर्थवाही शब्द योजला. वल्हांडणे म्हणजे ओलांडणे. उंबरठा, नदी, सीमा ओलांडण्याची क्रिया त्यात आहे, आणि ती क्रिया एकट्याची नसून रात्रीतून निघालेल्या समूहाची आहे. म्हणून 'वल्हांडणाची ख्रिस्तसभा' असा अनुवाद केला तर पत्राचा गाभा अधिक नेमका हाती लागतो.

रोमेरो आपल्या धर्मप्रांताच्या त्या क्षणाला वल्हांडणाची घटिका मानतात. एका आर्चबिशपकडून दुसऱ्याकडे झालेले संक्रमण, उपवासकाळातून ईस्टरकडे जाणारा उपासनेचा प्रवास आणि हिंसेच्या सावटातून चाललेला समाज या तिन्ही गोष्टींकडे ते एकाच क्रियेची रूपे म्हणून पाहतात. ऐहिक सत्तेपासून मुक्त, दरिद्री आणि माणसाच्या समग्र मुक्तीला बांधलेली ख्रिस्तसभा, हे मेदेयीनचे स्वप्न ते येथे आपलेसे करतात. ख्रिस्तसभा स्वतःसाठी जगत नाही, हा त्या पत्राचा मध्यवर्ती विचार होय. पुनरुत्थान ही विश्वास ठेवण्याची बाब आहेच, पण समुदायाने आपल्या जगण्यातून ते दृश्यमान करायचे असते.

आशा : शृंखला आणि गती

अनुवादाची दुसरी अडचण 'आशा' या शब्दाची आहे. आपल्या संतपरंपरेत आशा ही बहुधा तृष्णेची बहीण असते आणि तिच्यापासून सुटका हे साधकाचे ध्येय असते. त्यामुळे विश्वास, आशा व प्रीती या ख्रिस्ती त्रयीतील मधला शब्द मराठी वाचकाला काहीसा उणा वाटण्याचा संभव आहे. पण आपल्याच परंपरेतील एक प्रसिद्ध संस्कृत सुभाषित आशेला आश्चर्यकारक शृंखला म्हणते. तिने बांधलेले धावतात आणि तिच्यापासून सुटलेले पंगूसारखे जागीच राहतात, अशी त्यातील गंमत. सुभाषितकाराने हे मिश्कीलपणे, किंबहुना टीका म्हणून म्हटले असले तरी रोमेरोंच्या आशेचे वर्णन करायला ते उपयोगी पडते. आशा लावून बसणे आणि आशेने बांधले जाऊन निघणे या दोन भिन्न वृत्ती आहेत. पत्रातील आशा दुसऱ्या प्रकारची आहे. ती भविष्याचा अंदाज बांधत नाही, परिस्थिती सुधारेल असे आश्वासनही देत नाही. ती समुदायावर एक बंधन घालते.

या बंधनाचा अर्थ दोन महिन्यांतच स्पष्ट झाला. मे १९७७ मध्ये लष्कराने आगिलारेस ताब्यात घेतले आणि तेथील चर्चचे छावणीत रूपांतर केले. १९ जून रोजी रोमेरो तेथे मिस्सासाठी गेले आणि त्यांनी त्या ग्रामस्थांना ख्रिस्ताच्या विद्ध देहाची उपमा दिली. मिस्सानंतर निघालेली मिरवणूक सशस्त्र सैनिकांसमोर थबकली. तेव्हा मागून चालणाऱ्या रोमेरोंनी पुढे चालण्यास सांगितले, अशी आठवण धर्मशास्त्रज्ञ होन सोब्रिनो यांनी नोंदवली आहे. वल्हांडण या शब्दाचे याहून नेमके भाष्य शोधणे कठीण. पत्रात जे क्रियापद होते त्याला येथे कर्ता मिळाला आणि कर्मही.

पत्राच्या मर्यादा

तथापि आदरापोटी पत्राच्या उणिवांकडे डोळेझाक करणे योग्य ठरणार नाही. पहिली उणीव अशी की, समुदायाला काय ओलांडायचे आहे हे पत्र पुरेसे सांगत नाही. पाप, मृत्यू आणि दास्य हे शब्द येतात, पण जमिनीची मालकी, मजुरी आणि शेतमजुरांना नाकारलेला संघटनेचा हक्क यांचे विश्लेषण येथे आढळत नाही. नव्या आर्चबिशपने संवादाची दारे उघडी ठेवण्यासाठी ही सावधगिरी बाळगली असावी, असे समर्थन करता येईल. परंतु ज्या आशेला अडथळ्याचे नाव घेता येत नाही, ती कोणत्याही व्यवस्थेला पचवता येते.

दुसरी उणीव कर्त्याविषयी आहे. पत्रात बोलणारी, कृती करणारी आणि आशा वाहून नेणारी मुख्यतः ख्रिस्तसभा आहे. दरिद्री माणूस तिच्या सेवेचा विषय म्हणून अधिक येतो, स्वतःच्या इतिहासाचा कर्ता म्हणून कमी. स्त्रियांच्या वाट्याचे जगणे तर स्वतंत्रपणे दिसतच नाही. वास्तविक खेड्यांतील समुदायांचा बराचसा भार स्त्रियाच वाहत होत्या, आणि पुढे बेपत्ता झालेल्यांचा शोध घेत दारोदार फिरल्या त्या मुख्यत्वे माताच.

या उणिवा रोमेरोंच्या पुढील लेखनाने बऱ्याच अंशी भरून काढल्या, हे येथे नोंदवले पाहिजे. ऑगस्ट १९७७ च्या दुसऱ्या पत्रात त्यांनी ख्रिस्तसभेला इतिहासातील ख्रिस्ताचे शरीर म्हटले. ऑगस्ट १९७८ च्या तिसऱ्या पत्राचा विषयच ख्रिस्तसभा आणि जनसंघटना यांचे नाते हा होता. बिशप रिवेरा इ दामास यांच्यासह लिहिलेल्या त्या पत्रात शेतमजुरांच्या संघटनेच्या हक्काचे समर्थन आहे आणि हिंसेच्या विविध प्रकारांची विवेचक मांडणीही आहे. ऑगस्ट १९७९ च्या चौथ्या पत्रात संपत्ती व खासगी मालमत्ता, राष्ट्रीय सुरक्षा आणि संघटना या तिघांच्या निरपेक्षीकरणाला त्यांनी मूर्तिपूजा मानले. तिसरी मूर्ती आपल्याच बाजूच्या लोकांची होती, हे विशेष. पहिल्या पत्रातील अमूर्त ओलांडणे अशा रीतीने क्रमाक्रमाने सामाजिक आशय धारण करत गेले.

नावे उच्चारण्याची साधना

पत्रांहून अधिक दूर पोचली ती रविवारची प्रवचने. धर्मप्रांताच्या 'वायएसएएक्स' या रेडिओ केंद्रावरून ती देशभर ऐकली जात. हे केंद्र बॉम्बस्फोटांनी वारंवार उद्ध्वस्त करण्यात आले. प्रवचनात आधी त्या दिवसाच्या शास्त्रपाठांचे विवेचन असे आणि नंतर आठवड्यातील घटना. कोण मारले गेले, कोणाला उचलून नेले, कोणाचा ठावठिकाणा नाही, हे नावानिशी सांगितले जाई. ही माहिती पडताळण्याचे काम धर्मप्रांताचे कायदेविषयक साहाय्य कार्यालय करीत असे. पुनरुत्थानाच्या श्रद्धेचा हा सामाजिक अन्वयार्थ मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मृत्यूनंतर माणूस उठतो अशी ज्यांची श्रद्धा आहे, त्यांनी निदान मेलेल्याचे नाव पुसले जाऊ देऊ नये. आध्यात्मिक साधना आणि पुराव्यांची नोंद यांच्यात येथे अंतर उरत नाही.

२३ मार्च १९८० च्या प्रवचनात त्यांनी सैनिकांना दडपशाही थांबवण्याचे थेट आवाहन केले. दुसऱ्याच दिवशी एका रुग्णालयाच्या प्रार्थनामंदिरात मिस्सा अर्पण करताना त्यांची गोळी घालून हत्या झाली. ३० मार्चला, झावळ्यांच्या रविवारी, त्यांच्या अंत्यविधीसाठी जमलेल्या समुदायावरही स्फोट आणि गोळीबार झाला. आर्चबिशप म्हणून त्यांच्या वाट्याला अवघे तीन ईस्टर आले.

आशा आणि न मिळालेला न्याय

हौतात्म्यानंतरचा इतिहास आशेची खरी कसोटी पाहतो. यादवी युद्ध १९९२ च्या शांतता करारापर्यंत चालले आणि त्यात सुमारे ७५ हजार माणसे मेली. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाने १९९३ साली रोमेरो यांच्या हत्येचा आदेश माजी लष्करी अधिकारी रोबेर्तो द'ऑब्युसाँ यांनी दिल्याचा निष्कर्ष काढला. द'ऑब्युसाँ आदल्याच वर्षी निवर्तले होते. अहवालानंतर काही दिवसांतच सर्वसाधारण माफीचा कायदा संमत झाला. तो तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये रद्दबातल ठरवेपर्यंत २३ वर्षे गेली. दरम्यान, ही हत्या श्रद्धेमुळे झाली की राजकारणामुळे, या वादात संतपदाची प्रक्रियाही दीर्घकाळ रेंगाळली. अखेर १४ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांना संत घोषित करण्यात आले. १९७७ चे पत्र नीट वाचले असते तर हा वादच निरर्थक ठरला असता. कारण वल्हांडणात दास्यमुक्ती आणि पुनरुत्थान यांना वेगळे करता येत नाही. वेदीवर प्रतिमा बसली आणि न्यायालयातील जागा रिकामी राहिली, तर पुन्हा तोच मूळ आक्षेप खरा ठरण्याचा धोका संभवतो.

मराठी संदर्भात

हा प्रश्न मराठी कॅथलिक समाजालाही परका नाही. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात वसईच्या शेती, बागायती आणि पाण्यासाठी उभ्या राहिलेल्या हरित वसईच्या आंदोलनात 'सुवार्ता' मासिकाचे तत्कालीन संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो अग्रभागी होते. उपासनेतला समुदाय अन्य धर्मीय शेजाऱ्यांसह रस्त्यावर उतरला, हे साम्य लक्षणीय आहे. मात्र तुलना जपून केली पाहिजे. आगिलारेसचा शेतमजूर भूमिहीन होता. वसईच्या आंदोलनातील अनेक जण जमीनधारक होते. जमीन राखण्याचा लढा आणि जमिनीवर हक्क मागण्याचा लढा एक नव्हे. रोमेरोंचा निकष लावायचा तर त्याच बागायतींत राबणाऱ्या आदिवासी मजुराचे स्थान काय, हेही विचारावे लागेल.

निष्कर्ष

रोमेरो यांचे पहिले पत्र परिपूर्ण सामाजिक दस्तऐवज नव्हे. त्यात रचनेचे विश्लेषण अपुरे आहे आणि दरिद्री माणसाचे कर्तेपण धूसर आहे. परंतु त्याने ईस्टरची आशा प्रतीक्षेतून काढून ओलांडण्याच्या क्रियेत रुजवली, आणि ती व्यक्तीकडून समुदायाकडे सोपवली. ही आशा सामाजिक न्यायाला पर्याय ठरते की त्याची प्रेरणा, याचे उत्तर धर्मसिद्धान्तात शोधून मिळत नाही. तो समुदाय कोणाची नावे मोठ्याने उच्चारतो आणि कोणाची टाळतो, यावरून ते ठरते. हा निकष ख्रिस्ती समुदायापुरता मर्यादित ठेवण्याचे कारण नाही.