मिठाची उपमा आणि भातकुलीचे वावर

रविवारच्या मिस्सेतील वाचनांवरचे मनन हा आपल्या मराठी कॅथॉलिक लेखनातील बहुधा सर्वाधिक लिहिला जाणारा आणि सर्वांत कमी तपासला जाणारा प्रकार असावा. काव्यसंग्रहाचे परीक्षण होते, चरित्रग्रंथावर चर्चा झडते. मननाची पुस्तिका मात्र निघते, वाटली जाते आणि पवित्र सप्ताह येईतो घरातील वेदीच्या कोनाड्यात जाऊन बसते. तिच्याविषयी बरेवाईट कोणी बोलत नाही. एक तर देववचनाशी निगडित लेखनात दोष काढणे श्रद्धाहीनपणाचे वाटते. दुसरे असे की, लिहिणारा बहुधा आपल्याच ओळखीचा फादर असतो, आणि त्याचे मन कोण दुखवणार? हा संकोच आम्ही आज बाजूस ठेवणार आहोत. पंचवीसहून अधिक वर्षे आम्हीही अशी मनने बोलत व लिहीत आलो आहोत. तेव्हा या लेखातील पहिला आरोपी कोण, हे वाचकांनी ओळखावे.

या प्रकाराला आजचे रूप आले ते फार जुने नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेच्या नूतनीकरणाचा दस्तऐवज संमत केला आणि त्यास अनुसरून १९६९ साली नवा वाचनग्रंथ आला. तोवर त्याच त्या वाचनांची वर्षाची एकच फेरी असे, आणि तीही लॅटिनमध्ये. नव्या ग्रंथाने रविवारांसाठी तीन वर्षांची फेरी आखली: एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, योहान मुख्यत्वे प्रायश्चित्तकाळात आणि पुनरुत्थानकाळात. दर रविवारी तीन वाचने, एक स्तोत्र आणि त्यांवर प्रबोधन असा क्रम बसला. शनिवारी रात्री टेबलाशी बसलेल्या फादरांची निकड वाढली, आणि ती भागविण्यास पुस्तिका पुढे आल्या. पुष्कळशा इंग्रजीवरून उतरविलेल्या. त्यांत बर्फात वाट चुकलेला प्रवासी असतो, दीपगृहाचा रखवालदार असतो, मरणपंथास लागलेला कोट्यधीश असतो. यांतील एकही गृहस्थ वऱ्हाडात कधी आलेला नाही.

अमरावतीहून पंधरा-सोळा किलोमीटरांवर भातकुली आहे. जैन बांधवांचे तीर्थस्थान म्हणून बाहेरच्यांना ते ठाऊक असते. शेतकऱ्यांना ते ठाऊक आहे खारपाणपट्ट्यातले गाव म्हणून. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात सुमारे नऊशे गावे मोडतात. जमीन काळीभोर, खोल. पाहणाऱ्यास हेवा वाटावा अशी. पण भूगर्भातील पाणी खारट. विहीर खणली तर पाणी लागते, आणि ते पिकाला दिले की जमीनच बिघडते. म्हणून खरिपाला कपाशी-तूर आणि रब्बीला मुरलेल्या ओलीवर हरभरा, असे पावसाच्या भरवशावरचे जिणे. त्या बाजूस आपली थोडी कुटुंबे आहेत. वर्षातून काही वेळा एका घराच्या ओसरीवर आम्ही मिस्सा अर्पण करतो.

मत्तयच्या वर्षी सामान्यकाळाच्या पाचव्या रविवारी प्रभू शिष्यांना मिठाची उपमा देतो. आम्ही पुस्तिकेत वाचून गेलो होतो: मीठ चव आणते, मीठ टिकवून ठेवते, मीठ स्वतः विरघळते. तीन मुद्दे, तीन उदाहरणे. ओसरीपलीकडे हरभऱ्याचे वावर दिसत होते. मिस्सेनंतर चहा घेताना घरधनी हळूच म्हणाले, "फादर, मीठ तं आमच्या वावरात लयच हाय. त्याच्यानंच तं पिकत नाई." बोलण्यात चेष्टा नव्हती. त्यांना खरोखरच कळेना की, ज्या मिठाने बापाची विहीर निकामी केली, ते होण्यास देव आपणास का सांगतो.

आम्ही त्या दिवशी काहीतरी उत्तर दिले. ते आठवण्यासारखे नाही. परत आल्यावर मात्र सेमिनरीतील जुन्या वह्या काढल्या आणि पाहिले, तर तो प्रश्न बायबललाच अपरिचित नव्हता. मत्तयने 'पृथ्वी' या अर्थी वापरलेला ग्रीक शब्द 'जमीन', 'माती' असाही अर्थ देतो. लूक तर बिनचवीच्या मिठाविषयी लिहिताना जमीन आणि उकिरडा या दोहोंचे नाव घेतो. त्यामुळे काही भाष्यकार अल्प प्रमाणात खतासारख्या वापराकडे निर्देश करतात. उलट बाजूही तितकीच ठळक आहे. शास्त्यांच्या पुस्तकात अबीमलेख शखेम नगर उद्ध्वस्त करून त्यावर मीठ पेरतो. यिर्मया खाऱ्या, ओसाड भूमीचे चित्र रंगवितो, आणि तो उतारा लूकच्या वर्षी सामान्यकाळाच्या सहाव्या रविवारी आपण मिस्सेत वाचतोही. संदेष्ट्याच्या दृष्टीने अशा भूमीत कोणी वस्तीस राहत नाही. भातकुलीच्या पंचक्रोशीत लोक राहतात, लेकरे शिकवतात, देवाचे नाव घेतात. एवढ्या वाक्यावरूनही एक प्रबोधन उभे राहिले असते. आमच्याजवळच्या पुस्तिकांपैकी एकीतही त्याचा मागमूस नव्हता. तेथे यिर्मयाच्या वाट्याला दोन ओळी, आणि त्याही नदीकाठच्या हिरव्या झाडाबद्दल.

यावरून कोणी म्हणेल की दोष एवढाच आहे की पुस्तिका मुंबई-वसईकडे अथवा परदेशात लिहिल्या जातात. त्या अमरावतीत लिहा म्हणजे झाले. आम्हांस तसे वाटत नाही. अमरावतीत बसूनही आम्ही दीपगृहाच्या गोष्टी सांगतच होतो. दोष खोलवर आहे: मननकार उताऱ्याचा अर्थ आधी ठरवून टाकतो आणि मग त्याला ऐकणारा शोधतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ सालच्या आपल्या प्रेषितीय बोधपत्रात प्रबोधनासाठी दीर्घ प्रकरण दिले आणि प्रबोधकाने वचनाकडे जसा कान द्यावा, तसाच लोकांकडेही द्यावा असा आग्रह धरला. आपल्याकडे त्या प्रकरणातील 'प्रबोधन थोडक्यात आटोपा' एवढा भाग मोठ्या आनंदाने स्वीकारला गेला.

पेरणाऱ्याचा दृष्टांत घ्या. मत्तयच्या वर्षी तो पंधराव्या रविवारी येतो, म्हणजे जुलैच्या मध्यास. पॅलेस्टाइनमध्ये पेरणी शरदातल्या पहिल्या पावसानंतर होते. वाचनग्रंथ आखणाऱ्यांसमोर आमचा मान्सून असण्याचे कारण नव्हते. तरीही योग असा जुळला आहे की, वऱ्हाडात ज्या आठवड्यात पेरलेले उगवले की करपले हे ठरते, त्याच आठवड्यात हे वाचन येते. २०२३ साली हा रविवार १६ जुलैस आला; पाऊस उशिरा पोहोचल्याने पेरण्या लांबल्या होत्या. त्या दिवसाची चारही वाचने मातीची आहेत. यशया म्हणतो की आकाशातून उतरलेला पाऊस पेरणाऱ्यास बी दिल्यावाचून माघारी जात नाही. स्तोत्र भिजलेल्या सऱ्यांचे आहे. संत पौल सबंध सृष्टीच्या प्रसूतिवेदनांविषयी लिहितो. आणि मग शुभवर्तमान. पावसाने दडी मारलेली, दुबार पेरणीसाठी बियाणे उधारीवर आणलेले, अशा माणसाच्या कानी यशयाचे ते आश्वासन कसे पडत असेल? याचा विचार करणारे एकही मराठी मनन आमच्या वाचनात आले नाही. जवळपास सगळी एकाच प्रश्नाकडे धावतात: तुम्ही कोणती जमीन आहात? वाटेची, खडकाळ, काटेरी की सुपीक?

हा प्रश्न उताऱ्यातच आहे, हे आम्ही नाकारीत नाही. दृष्टांताचे स्पष्टीकरण मत्तयनेच दिले आहे. परंतु वाचनग्रंथाने लहान पाठाचीही मुभा ठेवली आहे. त्यात दृष्टांत आहे, स्पष्टीकरण नाही. तेवढेच वाचले तर काय दिसते? पेरणाऱ्याचे बी चारांपैकी तीन ठिकाणी वाया जाते, आणि त्याबद्दल त्याला कोणी बोल लावीत नाही. प्रभू त्याला आळशी म्हणत नाही, त्याने पाप केले असावे असेही सुचवीत नाही. नुकसान पदरी घेऊन तो पेरीतच राहतो. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलढाणा आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी जुलै २००६ मध्ये विशेष मदतयोजना जाहीर केली, ती कोणत्या दुःखामुळे हे येथे कोणास सांगावे लागत नाही. अशाच एका जुलैत आम्ही 'आपली जमीन सुपीक करा' असे वीस मिनिटे सांगितले. तिसऱ्या बाकावर एक बाई बसली होती. तिच्या यजमानांनी आदल्या वर्षी जीव दिला होता. ती काही बोलली नाही. पुढचे अनेक रविवार आली नाही इतकेच. पुस्तिका लिहिणाऱ्याने कोणाचे वाईट चिंतलेले नसते, आम्हीही नव्हते. पण मननाचे लेखन निरुपद्रवी असते, हा आमचा समज त्या दिवशी गेला.

आपल्या परंपरेत याहून चांगले नमुने नाहीत असे नाही. १६१६ साली छापून निघालेले फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्त पुराण' आपण अभिमानाने मिरवितो, त्याच्या सुमारे अकरा हजार ओव्यांचा आकडा सांगतो. पण त्यात ऐकणाऱ्याच्या तोंडी प्रश्न घातलेले आहेत, हे विसरतो. पाद्रीगुरूंना कोणीतरी अडवून विचारतो, आणि मग कथा पुढे सरकते. आजच्या मननात हा विचारणारा कोठे गेला? पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अवघे बायबल मराठीत आणले, ते साध्या बायामाणसांना कळावे म्हणून. त्यांच्या निधनानंतर १९२४ साली ते पूर्ण छापून निघाले. त्या प्रॉटेस्टंट परंपरेतील, पण आमच्या कॅथॉलिक मननकारांनी त्यांचा हा एक हट्ट तरी उचलावयास हवा होता.

अलीकडच्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हा प्रकार उंचीवर नेला. 'सुवार्ता' मासिकाचे संपादन, 'सुबोध बायबल', आणि २०२० साली धाराशिव येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद हे सर्वांस ज्ञात आहे. २०२४ च्या जुलैत ते आपल्यातून गेले. त्यांच्या लेखनात वचन आणि वसई यांची ताटातूट होत नाही, कारण हरित वसईच्या लढ्यात ते स्वतः उभे होते. एक तक्रार मात्र नोंदवितो. त्यांचे अनुकरण करणाऱ्यांनी त्यांची प्रसन्न, प्रवाही भाषा घेतली. त्या भाषेमागचा लढा घेतला नाही. परिणामी आज पुष्कळशी मनने वाचावयास गोड लागतात आणि वाचून काही अडत नाही.

आता आणखी एक नवे वळण. फादर-सिस्टरांखेरीज शिक्षक, गृहिणी, तरुण मुले-मुलीही रविवारच्या वाचनांवर स्वतःच्या अनुभवातून लिहू लागली आहेत. आम्ही याचे मनापासून स्वागत करतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली सामान्यकाळाचा तिसरा रविवार देववचनाचा रविवार म्हणून नेमून दिला, त्यानंतर अशा लेखनाला बळही मिळाले. परंतु 'मी' हा शब्द दुधारी आहे. काही लेखांत लेखकाचे आजारपण, नोकरी, परदेशातील मुलगा यांनीच पाने भरतात आणि उतारा शेवटी साक्षीला बोलावला जातो. येथे आम्हांस लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आठवतात. तो मननाचा ग्रंथ नव्हे. पण स्वतःविषयी इतके लिहूनही त्या स्वतःला मोठे करीत नाहीत. हसे होते तेही स्वतःचेच करून घेतात.

असा 'मी' आम्हांस भातकुलीच्या त्याच ओसरीवर एकदा भेटला. प्रायश्चित्तकाळातील तिसऱ्या रविवारचे शुभवर्तमान होते: विहिरीवरील शोमरोनी स्त्री. आम्ही भाष्यग्रंथांना अनुसरून सांगितले की, प्रभू जिवंत पाण्याविषयी बोलतो आणि ती बिचारी अजून घागरीतच अडकलेली आहे. घरातील आजी मध्येच म्हणाल्या, "बाई बरोबर बोलली फादर. रोज रोज गुंड भरून आनाचं तिच्या जीवावर आलं असन." आजींचे अर्धे आयुष्य गोड्या पाण्यासाठी चालण्यात गेलेले. त्यांनी त्या स्त्रीला चूक ठरविले नाही; तिच्या कमरेवर हात ठेवून पाहिले. त्या दिवसापासून योहानाचा तो अध्याय आम्ही वेगळा वाचतो: प्रभू स्वतःही तेथे थकून, तहानलेला बसला आहे आणि पहिले पाणी त्यानेच मागितले आहे. आजींना लिहिता येत नव्हते. आल्या असत्या तर त्यांच्या चार ओळी आमच्या चार पानांपुढे ठेवण्यास आम्ही संपादकांना विनविले असते.

आता त्या ओसरीवर आम्ही प्रबोधनाआधी वाचन दोनदा करवितो आणि मग थोडे थांबतो. सारेच सुरळीत होते असे नाही. कधी कोणीच बोलत नाही, कधी गावचे राजकारण निघते. मागे सप्टेंबरात द्राक्षमळ्यातील मजुरांचा दृष्टांत होता, पंचविसाव्या रविवारचा. उशिरा आलेल्यासही पुरा रोज मिळतो, यावर देवाच्या औदार्याचे टिपण आमच्या खिशात तयार होते. निंदणीला जाणाऱ्या एका बाईंनी विचारले, "त्याच्या वावरात बायाबी व्हत्या का फादर? त्यायले मानसायएवढीच मजुरी देल्ली का त्यानं?" टिपण खिशातच राहिले. घरी येऊन ग्रीक पाठ पाहिला. तेथे पुल्लिंगी अनेकवचन आहे, आणि त्यातून कोणतीच बाजू सिद्ध होत नाही. हाताशी असलेल्या सात पुस्तिका चाळल्या. हा प्रश्न एकीतही नव्हता. मत्तयचे वर्ष आले की तो रविवार पुन्हा येतो आणि त्या बाई पहिल्या ओळीत बसतात.